पांढऱ्या कापडाखालचा ब्रेड

माझा आजार बुधवारी मी एकीला सांगितला आणि रविवारी तो सगळ्या मंडळीला कळला, तोही सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना.

मी मेडशीत राहते. रस्त्यालगतच्या एका शटरच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. नवरा मालेगावला एका कॉलेजात शिपाई आहे, रोज मोटरसायकलने जातो-येतो. लेक लग्न होऊन अकोल्याला गेली. आमची ख्रिस्ती मंडळी लहान आहे, गावातली आणि आसपासची मोजकी घरं. रविवारी पत्र्याच्या एका हॉलमध्ये उपासना असते आणि पास्टर साहेब त्यासाठी मालेगावहून येतात.

मी आता बरी आहे. कोणाला याच रस्त्याने जायचं असेल, तर औषधांचं डॉक्टर सांगतील, बाकीचं मी सांगते. पण आधीच सांगून ठेवते, मी हे रागात लिहिते आहे. राग गेल्यावर लिहू म्हणून बरेच महिने थांबले होते. तो काही जायला तयार नाही.

गाठ

डाव्या कानाखाली मानेत गाठ आली. दिवसभर मशीनवर वाकून बसते, त्यामुळे मान धरली असेल असंच वाटलं. हे म्हणाले, "वात असंन, मिठाची पुरचुंडी करून शेक." शेकली. हळद लावली. गाठ काही ऐकेना. संध्याकाळी कणकण यायची, जेवण जात नव्हतं, ब्लाउजच्या गळ्याला हात लावताना स्वतःच्या गळ्याकडे हात जायचा. शेवटी मालेगावच्या डॉक्टरांनी वाशीमला पाठवलं. तिथे सुईने गाठीतलं थोडं काढून तपासायला दिलं.

निदान सांगणारी डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची होती. म्हणाली, "टीबी आहे." पुढचं मला ऐकूच आलं नाही. तिला ते कळलं असावं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा सांगितलं, "मावशी, गाठीचा टीबी आहे, छातीचा नाही. तुमच्यापासून कोणाला होणार नाही. घरात एकत्र जेवा, एकत्र झोपा. फक्त गोळ्या सोडू नका."

येताना एसटीत माझ्या शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन बसली. डॉक्टरणीचं वाक्य मला तोंडपाठ झालं होतं, तरी मी मेडशी येईपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसले. हे पलीकडच्या सीटवर होते. उतरल्यावर एवढंच बोलले, "कोनाले सांगू नोको." मी म्हटलं, "सुनंदाले त सांगाच लागंन."

सुनंदा

आमच्या मंडळीत बायांची एक पद्धत आहे. दोघी-दोघींनी जोडी करायची आणि आठवड्यातून एकदा एकमेकींसाठी प्रार्थना करायची. घरात बोलता येत नाही ते तिथे बोलायचं, आणि ते तिथून बाहेर जायचं नाही. नियम कोणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी कधी ऐकला नव्हता. माझी जोडी सुनंदाशी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तिच्या सुनेचं पहिलं मूल गेलं तेव्हा तिने जे जे सांगितलं ते मी आजवर माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

बुधवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून मी तिला सगळं सांगितलं. टीबी, गाठीचा, लागत नाही, सहा महिन्यांहून जास्त गोळ्या. बोलता बोलता मला रडू आलं. सुनंदाने स्टूल पुढे घेतलं, माझ्या मानेवर गाठीवर हात ठेवला आणि प्रार्थना केली. मशीनच्या तेलाचा वास येत होता आणि बाहेर कुणीतरी टमाट्याचा भाव करत होतं. तिचा हात गार होता. त्या दिवशी मला बरं व्हायची पहिल्यांदा खात्री वाटली.

रविवारी उपासनेत प्रार्थना विनंत्यांची वेळ आली. तेव्हा सगळे डोळे मिटतात आणि ज्याला सांगायचं तो उभा राहून सांगतो. कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या म्हशीचं दुखणं. मी डोळे मिटून बसले होते. सुनंदाचा आवाज आला. तो रडवेला होता. ती म्हणाली की आपल्या करुणाताईला डॉक्टरांनी टीबी सांगितला आहे, सगळ्या मंडळीने त्यांच्यासाठी उपास धरावा.

माझे डोळे मिटलेलेच राहिले. उघडायची हिंमत झाली नाही. मला आठवतं ते एवढंच की माझ्या उजव्या बाजूची सतरंजी जरा हलली. प्रार्थना संपून डोळे उघडले तेव्हा तिथली बाई एक हात पलीकडे सरकली होती.

उपासनेनंतर मी सुनंदाला हॉलच्या मागे गाठलं.

"काहून सांगतलं व?"

"ताई, दोघीच्या प्रार्थनेनं काय होते? समद्यायनं उपास धरला त लौकर गुन येईन."

"मंग गाठीचा हाय, लागत नाई, हे त सांगाचं होतं."

ती माझ्याकडे खरोखरच न कळून पाहत राहिली. "देवाले माहीत हाय ना कोनता हाय ते."

देवाला माहीत होतंच. मेडशीला माहीत नव्हतं.

जुने ब्लाउज

मला कोणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे माणसं तशी सभ्य आहेत. फक्त बाया माप द्यायला यायच्या बंद झाल्या. आधी यायच्या, पदर बाजूला करून उभ्या राहायच्या, मी टेप फिरवायची आणि तेवढ्यात सासू-नणंदांच्या चार गोष्टी व्हायच्या. आता कापडासोबत जुना ब्लाउज यायचा. "याच्यावरूनच शिवून द्या म्हने." आणणारी दाराच्या बाहेर उभी राहायची आणि पिशवी काउंटरवर सरकवायची.

मी शिवले. जुना ब्लाउज दोन-तीन वर्षांपूर्वीचा, बाई आजची. सगळे तंग झाले. मग फोन यायला लागले की हात वर जात नाही, हुक लागत नाही. मी म्हणायची, "या, माप देऊन जा." फोन ठेवून द्यायच्या. तेवढ्यापुरतं मला हसू यायचं. टेप खिळ्याला टांगलेला असायचा आणि मी दिवसभर त्याच्याकडे बघायची.

इथे एक सांगायला हवं. बायांच्या सभेत मी थोडी प्रसिद्ध होते. रोजच्या कामातून विश्वासाचे धडे काढून सांगायची मला हौस. बॉबिनचा दोरा खालून असतो, दिसत नाही, पण तो नसेल तर टाका धरत नाही, तसा प्रभू. उसवताना ओढायचं नाही, एकेक टाका सोडवायचा, तसा आपला स्वभाव. बाया माना डोलवायच्या, पास्टरही म्हणायचे की ताई, तुमची मशीनच उपदेश करते. तर त्या दिवसांत मशीनने मला एकही शब्द सांगितला नाही. बॉबिन नुसती बॉबिन होती. मी माझ्याच जुन्या धड्यांकडे बघायची आणि वाटायचं की हे सगळं धडधाकट बाईचं बोलणं होतं.

पहिला रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. टेबलावर एक पितळी ताटली, एक पेला द्राक्षरस आणि त्यावर पांढरं कापड. ताटलीतली पोळी माझी. आधी माझ्या सासूबाई करायच्या, जाताना मला देऊन गेल्या. तिची रीत आहे. कणीक उपाशीपोटी मळायची. मळायला घेतल्यापासून पोळी कापडात बांधेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. तेल नाही, खमीर नाही, मीठ चिमूटभर, आणि चव बघायची नाही. ती एकच जाड पोळी पास्टर मोडतात, ताटली सगळ्यांमध्ये फिरते आणि जिने केली ती सगळ्यात शेवटी घेते. लहान मंडळी आहे आमची, पेलाही सगळ्यांत एकच फिरतो.

त्या रविवारी मी नेहमीसारखी पहाटे उठले. मळताना मला बरं वाटलं. डॉक्टरीण म्हणाली होती की कोणाला होणार नाही, आणि मी दर महिन्याला करते तेच करत होते. कोणी नको म्हणेल हे माझ्या मनातही आलं नाही.

हॉलमध्ये पोहोचले तर टेबलावर कापड आधीच अंथरलेलं होतं. पोळी ठेवायला मी कोपरा उचलला. ताटलीत बेकरीच्या ब्रेडचे लहान लहान चौकोनी तुकडे होते, कडा काढून कापलेले. शेजारी खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढे प्लास्टिकचे पेले रांगेत मांडलेले. पास्टर साहेब मागून आले.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. आरोग्याच्या दृष्टीनं. सगळ्यायचीच काळजी घ्या लागते ना."

मी म्हटलं, "हो." पोळी परत पिशवीत ठेवली आणि जाऊन बसले. ताटली माझ्यापर्यंत आली तेव्हा मी एक तुकडा उचलला. ब्रेड गोड होता. इतक्या वर्षांत मला प्रभुभोजन गोड लागलेलं आठवत नाही.

माझी पोळी मी संध्याकाळी वरणात कुस्करली. हे निम्मी जेवले, मान खाली घालून. मी समजले की यांनाही माझ्यासारखंच लागलं आहे.

पिवळं

औषधं सुरू झाल्यावर उलट्या होतील हे सांगितलेलं होतं, लघवीचा रंग नारिंगी होईल हेही सांगितलेलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं ते मला लवकर कळलं नाही. अन्नाचा वास नकोसा झाला, उठवेना. एके दिवशी सकाळी दारात केस विंचरत होते तर हे मोटरसायकल पुसता पुसता थांबले. "अवं, इकडे पाय. तुये डोये पिवये दिसून राह्यले."

वाशीमला सरकारी दवाखान्यात दाखल केलं. गोळ्यांनी लिव्हरवर ताण आला होता. होतं काही जणांना, असं म्हणाले. टीबीच्या गोळ्या बंद, सलाइन सुरू. दवाखान्याचा दिवस एका ठरावीक चालीने चालतो. फिनाइलचा वास आला की सकाळ. झाडू, मग चहावाला, मग डॉक्टरांची फेरी, रक्त काढणारा, मग लांबलचक दुपार. खिडकीबाहेर नातेवाइकांच्या धुतलेल्या साड्या कठड्यावर वाळायच्या आणि मी पडल्या पडल्या कुठल्या साडीला फॉल नाही ते बघायची.

भीती वाटायची. ती लपवत नाही. गोळ्या घेतल्या तर कावीळ, नाही घेतल्या तर गाठ. लेक अकोल्याहून येऊन गेली, तिच्यासमोर हसले. खरी अडचण वेगळी होती. मला प्रार्थना करता येईना. डोळे मिटले की सुनंदाचा रडवेला आवाज ऐकू यायचा आणि सतरंजी हलायची. मी डोळे उघडे ठेवून छताच्या पंख्याकडे बघत म्हणून पाहिलं, "प्रभू." त्याच्या पुढे शब्द येईना. लहानपणापासून जे केलं ते गेलं, आणि मला वाटलं की शरीर बरं झालं तरी हे काही परत यायचं नाही. मरणापेक्षा मला याची जास्त धास्ती होती. मी गेले असते तर कुठे जाणार ते ठरलेलं होतं. जगले तर कोणापाशी आणि कोणाबरोबर प्रार्थना करणार होते?

द्वारकाबाई

शेजारच्या खाटेवर द्वारकाबाई होत्या. मानोऱ्याकडच्या, साठीच्या पुढच्या, साखरेमुळे पायाची जखम भरत नव्हती. घराणं बौद्ध. सकाळी उठून बसायच्या आणि ओठातल्या ओठात वंदना म्हणायच्या. दुपारी त्यांचा मुलगा ज्वारीची भाकर आणि ठेचा आणून द्यायचा.

पहिल्याच दुपारी त्यांनी विचारलं, "काय झालं व तुले?"

"कावीय."

"अन् त्याच्या आंधी?"

बाईला सगळंच हवं होतं. मी म्हटलं, आता लपवून काय करायचं. "टीबी. गाठीचा हाय, लागत नाई." शेवटचे दोन शब्द मी इतक्या घाईने म्हटले की मलाच लाज वाटली.

त्यांनी भाकरीचा अर्धा मोडून माझ्यापुढे धरला. "घे. ठेचा नाई देत, कावीय हाय तुले."

मी म्हटलं, "तुमी जेवा. मायं उष्टं-खरकटं कायले..."

"मायी सासू सांगे," त्या चावता चावता बोलू लागल्या, "तिच्या लहानपनी त्यायले वरून पानी वाढत. ओंजय खाली धरा लागे. हात लागू नाई म्हून. तवापासून आमच्या घरी कोनी कोनाच्या ताटाले भेत नाई. घे मुकाट्यानं, हात दुखून राह्यला माया."

मी घेतली. थोडी खाल्ली, पुढे जाईना. त्यांनी माझ्या हातातला उरलेला तुकडा काढून घेतला, स्वतःच्या ठेच्याला लावला आणि खाल्ला. माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग पाय उशीवर ठेवून झोपून गेल्या, घोरायलाही लागल्या.

मी तोंडावर पदर घेतला. ज्यांच्याबरोबर कोणी जेवत नव्हतं त्यांच्या घरी प्रभू जेवायला जायचा, हे मी किती सभांमध्ये सांगितलं असेल. तेव्हा मी नेहमी सांगणाऱ्याच्या जागी होते. ज्यांच्याकडे कोणी जेवत नाही त्यांच्या बाजूला बसून ती गोष्ट मी कधी ऐकलीच नव्हती. पंख्याकडे बघत मी म्हटलं, "प्रभू, हे तुझंच टेबल आहे ना?" त्या दिवशी तेवढंच जमलं. पण वाक्य पूर्ण झालं होतं.

द्वारकाबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना सांगायची गरजही नव्हती.

कोणी आणला

पास्टर साहेब भेटायला आले, यांच्यासोबत. पपई आणली होती. पाच मिनिटं बसले आणि प्रार्थनेसाठी हात पुढे केला. माझ्या तोंडून निघून गेलं, "साह्यब, मायी पोयी चालत नाई त मायासाठी प्रार्थना कशी चालते?"

ते गोंधळले. माणूस वाईट नाही, पण गोंधळला की जे बोलू नये ते बोलतो. म्हणाले, "ताई, माझ्या एकट्याचा निर्णय नव्हता तो. दानिएलभाऊंनीच तर मालेगाववरून येताना ब्रेड आणला."

दानिएलभाऊ म्हणजे माझा नवरा. ते पपईच्या पिशवीकडे बघत होते.

पास्टर गेल्यावर मी विचारलं, "तुमी आनला?"

"मले साह्यबानं म्हटलं. नाई कसं म्हनू? आपल्याले तिथंच ऱ्हाचं हाय ना."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटंन म्हून."

"म्या सकायी उठून पोयी केली. तुमी पाह्यत होते."

"तू बोलत नोती," ते म्हणाले. "पोयी करतानी तुयाशी बोलाचं नसते."

रीत अशी पाळली होती माझ्या नवऱ्याने. मग हळूच म्हणाले, "घरी खाल्ली ना म्या ती. संध्याकायी."

तेच मला सगळ्यात जास्त लागलं. घरात, दार लावून, वरणात कालवून खाल्ली. चार लोकांत ब्रेड. सुनंदाने मला न कळून विकलं होतं, यांनी कळून. द्वारकाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं होतं, पण त्यांचं घोरणं बंद झालं होतं.

मी यांच्याशी बोलणं सोडलं. ते मात्र रोज कॉलेज सुटल्यावर मालेगावहून वाशीमला यायचे. माझे कपडे नळाखाली धुवायचे, बाकीच्या बाया हसल्या तरी धुवायचे. पाय चेपायचे. मी पाय ओढून घेतला नाही, एवढंच. ज्याने दगा दिला तोच पाय चेपतो आहे, हे कसं मनात बसवायचं ते मला कोणत्याही सभेत शिकवलेलं नव्हतं. अजूनही नीट बसलेलं नाही.

मध्येच, ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी

कावीळ उतरली. गोळ्या एकेक करून पुन्हा सुरू केल्या आणि या वेळी शरीराने ऐकलं. तुमच्यावर ही वेळ आली तर दोन-तीन गोष्टी माझ्याकडून घ्या. आजाराचं नाव अर्धं सांगू देऊ नका. पूर्ण नाव तुम्हीच, तुमच्या तोंडाने सांगा. लाज वाटेल, पण दुसऱ्याने सांगितल्यावर वाटते त्याहून कमी. लोकांना उपास करायचे असतील तर करू द्या, गोळ्या तुम्ही घ्या. डोळे पिवळे दिसले तर वाट बघू नका. आणि प्रार्थना येत नसेल तर स्वतःला अविश्वासी म्हणवून घेऊ नका. कोणी भाकर पुढे केली तर खा. काही दिवस तेवढं पुरतं.

गुरुवार

उपचार संपले. गाठीच्या जागी आता सुरकुतीसारखा एक वण आहे. डॉक्टरीण म्हणाली, झालं मावशी, आता यायचं नाही. मी तिला तिच्या मापाचा ब्लाउज शिवून दिला, माप घेऊन.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, गुरुवारी, आमच्याकडे विशेष प्रभुभोजन असतं. पास्टर साहेब स्वतः घरी आले. म्हणाले, ताई, या वेळी पोळी तुमच्या हातची हवी आणि बरं झाल्याची साक्षही तुम्ही द्यावी. सुनंदा सोबत होती. तिने माझा हात धरला. "ये ना व ताई. तुयाबिगर टेबल सुनं वाटते."

दोन दिवस माझं ठरत नव्हतं. मग एक गोष्ट आठवली. प्रभूच्या शेवटच्या जेवणाच्या त्या पहिल्या गुरुवारी टेबलाशी त्याला धरून देणारा शिष्यही बसलेला होता, आणि भाकरीचा तुकडा त्यालाही मिळाला होता. प्रभूला सगळं माहीत असूनही. हे काही मला गोड वाटलं नाही. मला ते कठीण आणि थोडं अन्यायाचं वाटलं. पण मी कणीक मळली, नव्या गव्हाची, उपाशीपोटी. हे अंगणात बसून होते. फोन वाजला तर उचलून लांब गेले, म्हणजे मला बोलावं लागू नये. चिमूटभर मीठ टाकताना माझी चिमूट चुकली असं वाटलं, पण चव बघायची नसते.

संध्याकाळी मी साक्षीला उभी राहिले. सगळ्यांना ठाऊक होतं की ताई आता मशीनवरून काहीतरी सुंदर सांगणार. मी म्हटलं, "मले प्रभूनं बरं केलं. गोयांच्या हातानं केलं. आजारपनात मायासंगं एका ताटात जेवली ती मानोऱ्याकडची द्वारकाबाई. तिचे उपकार. इतकंच हाय." आणि बसले. कोणीतरी फार हळू हालेलुया म्हटलं. पास्टर साहेबांना खोकला आला. त्यांना कोणी वेगळं बसवलं नाही.

मग पांढरं कापड निघालं, पोळी मोडली, ताटली फिरली. पेले मात्र प्लास्टिकचेच होते. मालेगावहून चार पाहुणे आले होते, हॉल भरलेला होता. सगळ्यांच्या माना खाली. माझीही, पण शिलाई करणारीची नजर हातांवर असते, ती जात नाही. यांनी सगळ्यांदेखत तुकडा उचलला, एवढा मोठा की शेजारचे बघायला लागले, आणि मान वर करून खाल्ला. माझ्याकडे एकदा पाहिलं. सुनंदाने छोटा तुकडा घेतला. तिचा हात तोंडापर्यंत गेला, तिथून खाली आला आणि पदराच्या टोकाशी काहीतरी करत राहिला.

रीतीप्रमाणे ताटली शेवटी माझ्याकडे आली. तिच्यात पिठाची भुकटी होती. दुसरं काही नव्हतं. पास्टर साहेब वाकून कुजबुजले, "ताई, आत ब्रेड आहे एक पाकीट, आणू काय?"

मी म्हटलं, "नोको."

उपासना संपल्यावर सुनंदा मागे नळावर ताटली धूत होती. पदर कमरेला खोचलेला, टोकाला गाठ. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"पदरात काय हाय व?"

तिने नळ बंद केला. "घरी जाऊन खाईन म्हटलं, ताई."

"आता खाय."

तिने पदराची गाठ मुठीत धरली. मग म्हणाली, "मले भेव वाटते. मले समजते का काई होत नाई. तरी वाटते. घरी नातू लहान हाय."

"माया गाठीवर हात ठेवला होता तू. बुधवारी. दुकानात."

"तवा तू रडत होती व ताई," ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

या दिवसासाठी मी किती वाक्यं शिवून ठेवली होती. खाटेवर पडल्या पडल्या, मशीनवर बसल्या बसल्या, तिला काय काय ऐकवायचं ते. त्यातलं एकही कामाला आलं नाही. मला तिची कीव आली, रागही आला, आणि दोन्ही एकाच जागी राहिले. मी हात पुढे केला. तिला वाटलं मी तिचा हात धरते आहे. मी मान हलवली आणि पदराच्या गाठीकडे बोट दाखवलं.

तिने ओल्या हातांनी गाठ सोडली. तुकडा घामाने जरा मऊ झाला होता. मी तो घेतला, तिच्यासमोर उभी राहून तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला.

मीठ बरोबर पडलं होतं.